नाखव्याचा डावा हात

आमच्या किनाऱ्यावर पौषातही पंख्याशिवाय झोप लागत नाही, आणि अशा ठिकाणी मला निरोपाच्या दिवशी अकरा शाली मिळाल्या. मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठाता बाई पद सोडतायत म्हटल्यावर प्रत्येक विभागाला आपली वेगळी शाल हवीच होती. चौदा वर्षं मी त्या खुर्चीवर होते. त्याआधी तितकीच वर्षं ॲनाटॉमी शिकवत होते, म्हणजे माणूस आतून कसा असतो ते. शाली अजून प्लास्टिकमधून काढलेल्या नाहीत. थळच्या घरी कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात पडून आहेत. मध्यंतरी वाटलं, कुणाला तरी देऊन टाकाव्यात. पण तो दिवस दुसऱ्या कुणाच्या अंगावर कशाला घालायचा, म्हणून राहून गेलं.

त्या दिवशी ज्याने मला फसवलं तो माझाच विद्यार्थी, आणि आता माझ्याच खुर्चीत बसतो. त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी बादल्यांबद्दल सांगावं लागेल.

आमचं कॉलेज एका ट्रस्टचं. खाडीकाठच्या टेकाडावर इमारत, तळमजल्याला डिसेक्शन हॉल. पहिल्या वर्षाची मुलं वर्षभर तिथे शिकतात. एका टेबलावर एक देह, आणि त्या देहावर मुलांचा एक गट. मी विभागप्रमुख झाले तेव्हा पहिलं काम केलं ते हे की प्रत्येक टेबलाखाली झाकणाची एक बादली ठेवली. टेबलाला पितळी बिल्ला, बादलीला त्याच नंबरचा दुसरा बिल्ला. नियम एकच. टेबलावरच्या माणसाचं जे काही सुटेल, अगदी चिमटीभर असलं तरी, ते त्याच्याच बादलीत गेलं पाहिजे. खाली सांडलं तर उचलून त्याच्याच बादलीत. शेजारच्या बादलीत टाकणाऱ्या मुलाला मी आठवडाभर हॉलबाहेर उभं करायचे. गॅदरिंगला माझी नक्कल करणारी मुलगी दरवर्षी बादली घेऊनच स्टेजवर यायची. मी पुढच्या रांगेत बसून हसायचे, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

मी स्वतः शिकले त्या कॉलेजात असं काही नव्हतं. वर्ष संपलं की सगळ्या टेबलांवरचं सगळं एका पिंपात जायचं आणि पिंप मागच्या खड्ड्यात. त्यात कोण कुठे संपला आणि कोण कुठे सुरू झाला, कुणी विचारायचं नाही. मीही विचारलं नव्हतं. पुढे लोकांना देहदानाचं पटवायला गावोगाव हिंडू लागले तेव्हा पहिला प्रश्न सगळीकडे एकच यायचा, की मग आमचं माणूस आम्हाला परत मिळणार का. भातशेतीवाल्या गावांत विचारायचे, कोळीवाड्यात तर हमखास. तेव्हा मी शब्द देऊन बसले. मिळेल म्हणाले. शिकून झालं की मांसाचं दहन आम्ही करू, हाडं स्वच्छ करून, वाळवून, पेटीत घालून तुमच्या दारात आणू.

आणि आणली. दर वेळी झाकण ठोकण्याआधी मी स्वतः हाड नि हाड मोजायचे. पेटी साधी, हापूसच्या पेटीसारखी, फक्त मांडीचं हाड बसावं म्हणून जरा लांब. माझ्या शब्दावर माणसं फॉर्म भरत गेली. सरकारी कागदावर असली अट कुठेच नव्हती. होता तो नुसता माझा शब्द.

नाखवा मला हॉस्पिटलात भेटला. कोळी लोक होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात, आणि आम्हीही त्याला तेच म्हणायचो. खाडीपलीकडच्या गावचा. आगरदांड्याच्या जेटीवरून फेरीबोट सुटते ना, त्याच्या अलीकडचं छोटं बंदर. हृदय कमजोर झालेलं, पायाला सूज, दम लागायचा, पण तोंड बंद नाही. त्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत वाकडा होता. तरुणपणी जाळं ओढायच्या यंत्रात सापडला होता, आणि गावच्या वैदूने बसवला तो असा बसवला की तळवा कायम खाली. वर फिरायचाच नाही.

"बाय, देवानं माझी भीक मागायची सोयच ठेवली न्हाय," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला.

"उजवा आहे की," मी म्हणाले.

"उजव्यात बिडी असते."

बिडीवरून मी त्याला झाप झाप झापलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी घरून सोड्यांची खिचडी मागवली. आमची ओळख अशी वाढत गेली. त्याची बायको रोज मासळीची पाटी विकून दुपारच्या एसटीने यायची आणि येऊन पहिलं काम म्हणजे त्याच्या त्या वाकड्या हाताला तेल लावायची. दुखतो का, विचारलं तर म्हणाली, दुखत न्हाय, सवय हाय. मी तिला वहिनी म्हणायचे. ती मला बाय म्हणायची, आणि अरेतुरे करायची, त्यांच्यात सगळ्यांशीच करतात तशी.

देहदानाचं मी त्याच्याकडे काढलं नव्हतं. त्यानेच काढलं. हॉस्पिटलात लावलेला कागद कुणाकडून तरी वाचून घेतला होता. त्याचा मोठा भाऊ फार पूर्वी दर्यावर गेला तो परत आलाच नाही. देह मिळाला नाही म्हणून घरच्यांनी गवताचा पुतळा केला, त्याला धोतर नेसवलं आणि तो जाळला. त्यांच्या आईने तो पुतळा कधी मान्य केला नाही. मरेपर्यंत संध्याकाळी बंदरावर जाऊन बसायची.

"दर्या नेतो तो परत देत न्हाय," नाखवा म्हणाला. "तू नेलास तर परत देशील?"

"देईन."

"पुरा?"

"पुरा. करंगळीच्या शेवटच्या हाडासकट."

"मग माझ्याच होडीतनं खाडीच्या तोंडाशी सोडायचा. दुसऱ्याची होडी न्हाय."

त्याने फॉर्मवर उजव्या हाताने सही केली. वहिनीने साक्षीदार म्हणून अंगठा दिला आणि म्हणाली, त्याचा कागद व्हतो तर माझाबी कर. तिचाही केला. त्याच आठवड्यात मी माझा स्वतःचा भरला. इतकी वर्षं लोकांना सांगत होते, आपला भरायचा मात्र राहून गेला होता. माझ्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही केली ती माझ्या विद्यार्थ्याने. तो तेव्हा ॲनाटॉमीचा विभागप्रमुख झाला होता.

आता त्याच्याबद्दल. तो माझ्याच पट्टीतल्या, आत डोंगराच्या कडेला भात लावणाऱ्या घरातला. पहिल्या वर्षाला आला तेव्हा इंग्रजीची बोंब, पण बोटांत जादू. मी मुलांची थैलीची परीक्षा घ्यायचे. जाड कापडाची थैली, आत हाडं. बघायचं नाही, हात घालायचा आणि सांगायचं की हाड कुठलं, डावं की उजवं, बाईचं की पुरुषाचं. बाकीची मुलं घाम पुसत चाचपत बसायची. हा हात घालायचा आणि काढायच्या आत उत्तर द्यायचा. मनगटातली ती खड्यांएवढी हाडंसुद्धा. मी माझ्या सगळ्या नोकरीत असा विद्यार्थी दुसरा पाहिला नाही. परीक्षेच्या दिवसांत तो माझ्याच घरी अभ्यासाला असायचा. माझ्या आईने त्याला पोळ्या वाढल्या आहेत. ती गेली तेव्हा खांदा द्यायला तो होता. मला मूल नाही. हे एवढ्यासाठी सांगते की पुढचं कळावं, सहानुभूती नको आहे.

नाखवा एका सकाळी गेला. गावात बरीच कुरबूर झाली. वहिनीचा दीर म्हणाला, नाखव्याला कापायला देणार काय. वहिनी दारात उभी राहिली आणि आमची गाडी येईपर्यंत तिने कुणाला देहाला हात लावू दिला नाही. क्रियाकर्म तिने अर्धंच केलं. उरलेलं तो परत आल्यावर, म्हणाली. त्याची होडी तिने काठावर ओढून ठेवली, वर ताडपत्री टाकली. दिराने मागितली, दिली नाही. दोन नारळी पौर्णिमा गेल्या, सगळ्यांच्या होड्या रंगल्या, पाण्यात गेल्या, नाखव्याची तशीच राहिली. मधून मधून मला फोन यायचा. कुणाच्या तरी फोनवरून. एवढंच विचारायची, "बाय, शिकून झाला का पोरांचा?"

अधिष्ठाता झाल्यावरही वर्षाचा पहिला तास मी सोडला नव्हता. त्या वर्षी तो तास मी नाखव्याच्या टेबलावर घेतला. हात मुद्दाम दाखवला. कोपरापासून मनगटापर्यंत, अंगठ्याच्या बाजूला जे हाड असतं त्याच्या मधोमध गाठ होती, सुपारीएवढी, आणि त्याखाली हाड चक्क दुसऱ्या दिशेला निघालं होतं. मुलांना सांगितलं की हे पुस्तकात मिळणार नाही, ही वैदूची आणि दर्याची करामत आहे. तो हात मुलांना दिसावा म्हणून माझ्यासमोर उचलून धरला होता तो माझ्या विद्यार्थ्यानेच. त्याने त्या गाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, हे तर थैलीत आंधळ्यालाही ओळखू येईल."

माझी मुदत संपत आली तेव्हा ट्रस्टींनी विचारलं, तुमच्यानंतर कोण. दुसरं नाव माझ्या डोक्यात आलंच नाही. बाकी कॉलेजांत मान्यतेच्या सरकारी तपासणीच्या दिवसांत कायकाय चालतं ते मला ठाऊक होतं. डॉक्टर तीन दिवसांपुरते येतात, गावातली धडधाकट माणसं कॉटवर झोपवून रुग्ण म्हणून दाखवतात. आमच्याकडे मी ते होऊ दिलं नव्हतं, आणि त्यामुळे ट्रस्टींशी माझे खटके उडायचे. मला वाटलं, हा माझा माणूस आहे, हाही होऊ देणार नाही. तसं पत्र मी माझ्या हाताने लिहिलं.

निरोपाच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, नाखव्याची पेटी तयार आहे. तुमच्या कार्यक्रमातच घरच्यांच्या हाती देऊया. तुम्ही इतकी वर्षं जे केलंत ते लोकांना दिसू दे."

मी म्हणायला हवं होतं की अरे, ही स्टेजवर द्यायची वस्तू नाही, मी नेहमीसारखी गाडीत घालून खाडीपलीकडे घेऊन जाईन. म्हणाले नाही. इतकी वर्षं कौतुकाविना काम केल्याचा माझा जो तोरा होता, तो कौतुक समोर आल्याबरोबर गळून पडला. पेटी तपासायला मी कार्यक्रमाच्या सकाळी हॉलमध्ये जाणार होते. तो म्हणाला, "आज तरी तुम्ही पाहुण्या. सगळं मी केलंय." आणि मला बरं वाटलं. मुलगा कर्ता झाला की आईला वाटत असेल तसं काहीतरी वाटलं, म्हणून गेले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एक पेटी न मोजता जाऊ दिली.

सभागृह भरलं होतं. ट्रस्टींचं भाषण झालं, माझ्या शिस्तीवर विनोद झाले, बादलीवरचा ठरलेला विनोदही झाला. मग त्याने माइक घेतला. माझ्या शब्दाबद्दल बोलला. फार छान बोलला. बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला. वहिनी दुसऱ्या रांगेत बसली होती, धुतलेली सुती साडी नेसून, शेजारी दीर. तिला वर बोलावलं. पेटी टेबलावर ठेवली, पांढऱ्या कापडाने झाकलेली. त्याने झाकण सरकवलं आणि मला म्हणाला, "मॅडम, फुलं."

फुलं वाहायला मी वाकले आणि आत पाहिलं.

हाताची हाडं वरच ठेवली होती. नीट, जोडीजोडीने, जशी मी शिकवली तशी. डाव्या हाताचं हाड सरळ होतं. गाठ नाही, वाकण नाही, वेताच्या छडीसारखं सरळ. आणि बारीक. मी खाली पाहिलं. कमरेचं हाड बाईचं होतं. हे कळायला मला हात लावावा लागला नाही. तीस वर्षं दुसरं काय केलं मी.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर लोकांकडे बघत होता.

आता लिहिताना किती वेळ गेला असं वाटतं, पण प्रत्यक्षात दोन-चार क्षणच असतील. मला बोलता आलं असतं. माइक हाताच्या अंतरावर होता. मी काय केलं, तर फुलं वाहिली. ओंजळ मोकळी केली, हाडं झाकली गेली, आणि मी मागे सरले. त्याने झाकण लावलं. वहिनीने पेटी छातीशी धरली. कुणीतरी तिच्या तोंडापुढे माइक धरला, बोला म्हणाले. ती बोलणारी नव्हती. पण माझा हात धरून ती म्हणाली, "बाय बोलली व्हती, बायनं केला."

टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांत मी उभी राहिले. त्यानंतर शाली सुरू झाल्या.

जेवणं चालू असताना मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं. म्हणजे त्याच्या खोलीत, कारण दारावरची पाटी सकाळीच बदलली होती. दार लावलं आणि विचारलं, "नाखवा कुठे आहे?"

त्याने आडवळण घेतलं नाही, एवढं म्हणेन. ट्रस्टचं घाटावर नवं कॉलेज निघालं आहे. तिथे तपासणी होती. डिसेक्शन हॉल दाखवायचा तर देह हवेत, आणि त्यांच्याकडे नव्हते. मी दिवाळीच्या रजेवर होते त्या आठवड्यात आमच्याकडचे तीन देह इथून टेम्पोने घाटावर गेले. नाखवा त्यातला एक. बिल्ले काढून ठेवले होते, आमच्या कॉलेजचं नाव दिसू नये म्हणून. तपासणी झाली. तिथल्या लोकांनी नंतर सगळं एकत्र करून जाळून टाकलं.

रुग्ण उसने आणतात हे मी ऐकलं होतं. मेलेली माणसं उसनी देतात हे मला माझ्याच विभागात कळायचं होतं.

"आणि पेटीत कोण आहे?"

"शिकवण्याच्या संचांतली हाडं आहेत, मॅडम. जुनी. दोन-तीन संचांतली."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात." मग म्हणाला, "आणि ही खुर्ची मला मिळाली नसती. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने पेटीसुद्धा दिली नसती. मी निदान तुमचा शब्द राखला."

"त्या बाईला तू कुणाची हाडं दिलीस?"

"तिला काय कळणार आहे, मॅडम? हाड ते हाड. तिचं समाधान झालं. तुम्ही पाहिलंत ना."

एखाद्या मठ्ठ पोराने चुकून बिल्ले बदलले असते तर मी आरडाओरडा केला असता आणि विसरले असते. पण थैलीत हात घालून डावं-उजवं सांगणाऱ्या बोटांनी ती पेटी भरली होती. प्रत्येक हाड उचलताना ते नाखव्याचं नाही हे त्या बोटांना कळत होतं. ती बोटं मी तयार केली होती. मला त्याला मारावंसं वाटलं. मी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. एक गोष्ट मात्र दिली नाही. देहदानाचे मूळ फॉर्म मी पहिल्यापासून घरी, माझ्या कपाटात ठेवत असे, ऑफिसात कागद गहाळ होतात म्हणून. ती फाइल त्याला सोपवायची ठरलं होतं. ती मी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी ट्रस्टला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं. माझ्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार मानले होते आणि निवृत्त जीवनासाठी शुभेच्छा दिल्या होत्या.

वहिनीकडे मी त्याच दिवशी जायला हवं होतं. आज जाते, उद्या जाते करत तीन दिवस काढले. मनातल्या मनात बोलणी जुळवत होते. एकदा वाटलं, सांगू नये, ती बिचारी हाडं सोडून मोकळी होईल, गावातली कुरबूर मिटेल. हे वाटलं तेव्हा मी त्याच्याच तोंडचं बोलतेय हे माझ्या लक्षात आलं, आणि तरीही मी बाहेर पडले नाही. घरात बसून त्याला शिव्या देत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी तीच आली. दोन एसटी बदलून, पेटी साडीच्या कापडात बांधून. पाटी उतरवावी तशी तिने ती माझ्या ओट्यावर उतरवली. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"बाय," ती म्हणाली, "ह्यो त्याचा हात न्हाय."

मी पेटीशेजारी बसले.

"घरी नेला, दूध-हलदीनं धुवायला काढला. डावा हात घेतला न मना कलला. इतकी वरसं रोज त्या हाताला मी तेल लावलाय. गाठ न्हाय तिथं. मना वाटला, शिकवताना पोरांनी घासली असंल. मंग आख्खी पेटी काढली. त्याचा एक हाड न्हाय त्यात. न्हाय ना?"

"नाही," मी म्हणाले.

मग मी तिला सगळं सांगितलं. टेम्पो, घाटावरचं कॉलेज, तपासणी. खोली बंद करून मी काय काय विचारलं आणि त्याने काय उत्तरं दिली तेही. पत्र दाखवलं. बोलताना माझा राग वाढत गेला, आवाज चढला. मी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला, माझ्या आईने त्याला जेवू घातलं, आणि त्याने माझा विश्वासघात केला, असं बरंच काही बोलले. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं,

"फुलं वाहलीस तवा तू आत बघितला?"

"बघितलं."

"तवाच कलला?"

"हो."

"तवा बोलली न्हाईस."

  सभागृह भरलं होतं, माझा कार्यक्रम होता, कॉलेजचं नाव गेलं असतं, तिलाच धक्का बसला असता. यातलं एकही तिच्यापुढे उच्चारायची मला लाज वाटली.

"तो पोर खोटा वागला त्याचा मना काय?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्याला मी वलखत न्हाय. त्याच्या शब्दावर मी नवरा दिला न्हाय. गावासमोर तू मना उभी केलीस न मी बोलली, बायनं केला." तिने पेटीकडे बोट केलं. "सासूनं तो गवताचा पुतला मान्य केला न्हाय. पण त्यो ह्याच्यापरीस बरा. गवत हाय ह्ये सगल्यांना ठाऊक व्हता."

मी म्हणाले की मी सोडणार नाही, वर तक्रार करीन, वर्तमानपत्रात देईन. ती म्हणाली, "त्यानं तो परत येतो?"

नाखव्याची होडी तिने आदल्या दिवशी दिराला देऊन टाकली होती. पेटीला ती परत हात लावायला तयार नव्हती. "ती कुणाची माणसा हायत, त्यांच्या घरची वाट बघत असतील," म्हणाली. "तू शोध."

मग तिने तिचा कागद मागितला. मी आतून फाइल आणली. तिघांचे फॉर्म एकावर एक होते, नाखव्याचा, तिचा, माझा. तिचा काढून दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. तिला वाचता येत नाही. खाली निळ्या शाईचा अंगठा होता, तसे अंगठे त्या फाइलमध्ये पुष्कळ होते.

"ह्यो माझाच ना?"

"तुमचाच. हे तुमचं नाव, हे गाव. हा तुमचा अंगठा."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग कागदाची घडी करून कनवटीला न लावता तो तिने हातातच ठेवला, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडली. मी खिडकीतून पाहिलं. समोर किराणा दुकान आहे. ती तिथे थांबली, कागद उघडून दुकानदारापुढे धरला. त्याने गिऱ्हाईक बाजूला ठेवून चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून तिला वाचून दाखवली. ती प्रत्येक ओळीला मान हलवत होती. शेवटी तिने त्याला काहीतरी पुन्हा एकदा विचारलं, त्याने पुन्हा वाचलं, आणि तिची खात्री झाल्यावर ती एसटीच्या थांब्याकडे गेली.